लाडूची पेटी

रवि. ६ नोव्हें. ९४
फराळ सरत आला, चकल्या मऊ पडल्या, आणि आज घरात पाहुणा. सूनबाई, सुमन, शहरात कँप दोनला शिलाईच्या कारखान्यात जाते ना, तिथल्या सिंधी शेठच्या कुत्रीचं पिल्लू. पदराखाली झाकून आणलं. नातीने, सोनलने, नाव ठेवलं लाडू. आहेच तसं, गोल, बेसनाच्या रंगाचं. माझा अंगठा चाटला. गुदगुल्या झाल्या, तोंडाला पदर लावून हसले. ह्या वयात!
विलास माझाच मुलगा, पण तोंड कायम पाडलेलं. म्हणाला, "आम्ही सगळे दिवसभर बाहेर. हे घरभर मुतलं तर आई पुसत बसणार का? पंधरा दिवस बघू. आम्ही नसताना पेटीत राहायला शिकलं तर ठीक, नाहीतर शेठला परत."

सोम. ७
सफरचंदाची लाकडी पेटी, शिरगावच्या सुताराने जाळीचं दार लावून दिलं. शेठने सुमनला सगळं शिकवून पाठवलंय. दार उघडं ठेवायचं, खाणं आत ठेवायचं, त्याचं त्याला जाऊ द्यायचं, मग दार थोडा वेळ लावायचं. रागाने कधीही आत टाकायचं नाही. "अम्मा को बोलना, ये उसका घर है." कुत्र्याला वेगळं घर! मला सासरी चुलीजवळचा कोपरा मिळाला होता, तोही धुराचा. असो.

बुध. ९
गेला! आपणहून आत गेला! माझ्या लुगड्याचा तुकडा टाकला होता, त्यावर गोल गोल फिरला नि धपकन बसला. सुमनने पोळ्या होईस्तोवर दार लावलं. कुईं नाही की काही नाही. शेजारच्या मंदाला सांगितलं, माझा लाडू पहिलीत पास. ती म्हणते, "मावशी, सोनल पास झाली तेव्हा एवढं नाचला नव्हतात."

शुक्र. ११
आज लिहू नये असं वाटतंय.
घरात मी एकटी. भावाने धाडलेले नवे तांदूळ अंगणात चादरीवर वाळत घातलेले. लाडू मधोमध गेला, पाय फाकवले, मुतला. माझ्या माहेरचे तांदूळ. डोकं फिरलं माझं.
खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठेना की आम्ही काय करतो, तिला डालग्याखाली अंधारात कोंडतो, वर ओलं गोणपाट, पोटाला काही नाही. येते ताळ्यावर. जन्मभर केलं हे. आज त्याला मानेला धरून पेटीत टाकलं, कडी लावली, वर ओलं गोणपाट. रडायला लागला. मी मंदाकडे गेले. तिच्या नणंदेचं लग्न मोडलंय, ते सगळं ऐकत बसले. परत आले तर ऊन उतरलेलं.
आतच घाण केली होती. त्यातच बसलेला. एक नख तुटून रक्त. आवाज बसलेला. तरी मला बघून शेपूट हलवली.
धुतला, पुसला, दूध दिलं. पेटी घासली. कोणाला बोलले नाही.

शनि. १२
पेटीजवळ जात नाही. आत भाकरी ठेवली तर लांबून बघतो, लाळ गळते, पण पाय उचलत नाही.
सुमनने विचारलं, "आई, कुंपणावर गोणपाट कसलं वाळतंय?" म्हटलं, खुडूक कोंबडीवर घातलं होतं. पटकन आलं तोंडात.

सोम. १४
विलास सुमनला बोलला. "तूच सकाळी घाईत कडी लावून पळतेस. घाबरवलंस त्याला." ती म्हणाली, "मी फक्त पोळ्यांपुरतं लावते हो." "मग काय आईने लावलं?"
मी लसूण सोलत होते. सोलतच राहिले.

बुध. १६
सुमनने पेटीत हात घालून आतल्या फळीवरून बोट फिरवलं. ओरखडे आहेत तिथे. माझ्याकडे बघितलं. मग उठून भांडी घासायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
ती नसते तेव्हा मी पेटीसमोर बसते, हात आत ठेवून, हातावर गूळ-भाकरी. माझ्याशी खेळतो, मांडीत झोपतो, पण तो हात आत गेला की मागे सरकतो. कोणाचा हात ते त्याला ठाऊक आहे.

शनि. १९
सोनल जेवली नाही. उद्या पंधरा दिवस होतात.

रवि. २०
सकाळी चहाला सांगून टाकलं. "विलास, सुमनने नाही, मी कोंडलं त्याला. खुडूक कोंबडीसारखं. दुपारभर."
त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, तो काय अंड्यांवर बसला होता?" सोनल खो खो हसली. मला हसू येईना. म्हटलं, "हिला बोललास ते तुझं तू बघ. माझं मी सांगितलं." सुमनने माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला, एवढंच. तिला कधीचं ठाऊक होतं. आठ दिवस माझ्यापायी बोलणी खाल्ली तिने, मला उघडं पाडलं नाही. मान वर करवली नाही मला.
विलास म्हणाला, "पण शिकला नाही ते नाहीच ना. मी शेठला सांगून येतो, पिल्लू परत आणतोय म्हणून." अंगात शर्ट घातला.
पेटीसमोर बसून लिहितेय. दार उघडं आहे. आत भाकरी आहे, हात नाही, हात काढून घेतलाय मी. लाडूचे पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर. सुमनने सोनलच्या तोंडावर हात धरलाय. विलास चपला घालून दारात उभा, तोही बघतोय. हाक मारावीशी वाटते, मारत नाही