बोनर लॉचा घसा

काळेवाडी, ४ जानेवारी २०२५

चि. साहेबराव यास अ. उ. आ.

फोनवर तुझी नुसती खरखर ऐकू येते, म्हणून तुमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर युसुफभाई यांच्या हाती ही चिठ्ठी धाडते आहे. डॉक्टरांनी घशातला तुकडा काढून तपासायला सांगून महिना झाला, असं तुझी लेक योगिनी सांगत होती. आणि तू गेटवर भाषणं ठोकतोस! मागे तब्येतीपायी युनियनचं अध्यक्षपद सोडलंस, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पोरं बोलवायला आली, की निघाला आमचा नवरदेव परत.

निवृत्तीनंतरची हौस म्हणून मी बोनर लॉ या विलायती पंतप्रधानावर छोटं पुस्तक लिहिते आहे. आधी ग्लासगोत लोखंडाचा व्यापारी. पहिल्या महायुद्धात दोन मुलं गेली, तरी कामाला जुंपलेलाच. त्यानेही तब्येतीपायी पद सोडलं, हुजूर पक्षाने हाक मारताच परतला आणि पंतप्रधान झाला. तुझी फार आठवण आली.

घसा दाखव, मग हवा तेवढा लोभ माग.

तुझी, इंदुताई

चाकण, ९ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा लोखंडवाला आवडला. पण हुजूर पक्षवाला म्हणजे मालकांच्या पंगतीतला, त्याच्याशी माझी सोयरीक जुळवू नकोस.

खरं सांगू? थकलोय गं. पण कॉन्ट्रॅक्टवरची मुलं याच करारात परमनंट व्हायची आहेत. मी बोलणी सोडून उठलो तर मॅनेजमेंट त्यांना गुंडाळेल. सह्या झाल्या की लगेच तपासणी, तुझी शपथ.

पंतप्रधान झाल्यावर त्याचं पुढे काय झालं?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा, साहेबराव

काळेवाडी, १३ जानेवारी

चि. साहेबरावास आशीर्वाद.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण विचारलंस. त्याचा आवाज गेला. संसदेत गप्प बसून राहायचा, बोलायचे दुसरेच. काही महिन्यांत राजीनामा दिला. घशाचा कर्करोग निघाला, त्याच वर्षी गेला. आपल्यामागे कोण, हेही त्याने राजाला सुचवलं नाही.

इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण अशा वाक्यापाशी कधी रडले नव्हते. करार दुसरं कोणीही करेल. भाऊ मला एकच आहे.

इंदुताई

चाकण, २१ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

बोलवेना, म्हणून तुझं पत्र युनियनच्या कमिटीत आमच्या सेक्रेटरीला, ज्ञानेशला, वाचायला दिलं. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. मी राजीनामा ठेवला आणि बोनर लॉने जे केलं नाही ते केलं, ज्ञानेशचं नाव सुचवलं.

पिंपरीला जाऊन तुकडा देऊन आलो. गुरुवारी रिपोर्ट आहे. भीती वाटते, ताई.

काल गेटवर ज्ञानेश बोलला. मी गर्दीत मागे उभा राहून ऐकलं. चांगला बोलतो, माझ्यापेक्षा मुद्देसूद. कराराचं तो निभावून नेईल.

या वेळी मला परत बोलवायला कोणी आलं नाही. तेच बरोबर आहे. पण संध्याकाळभर मी दार उघडं ठेवून बसलो होतो.

उत्तर लिहू नकोस, गुरुवारी तूच ये.

तुझा, साहेबा