तस्नीमचा पावसाळा

अबाबील, नांगर टाकून
मलेशियाच्या किनाऱ्यालगतचं एक लहान बेट
२ मे २०२४

ती. अम्मीस,

फराहचा अदबीने सलाम. वि. वि.

फोन केला की तुझ्या कानातल्या यंत्रात शिट्टीच वाजते, आणि व्हिडिओवर तू काही न बोलता माझं काळवंडलेलं तोंड बघत बसतेस. म्हणून हे पत्र. किनाऱ्यावरच्या दुकानात नेट मिळतं, तिथून पानांचे फोटो नवनाथला धाडते. त्याचं झेरॉक्सचं दुकान तुझ्या दारासमोर आहे हे आपलं नशीब. त्याला म्हणावं, वाचलंस तरी चालेल, पण आळीत सांगत फिरू नकोस.

आम्ही तिघं मजेत. खालापूरचं घर विकून ही शिडाची बोट, अबाबील, घेतली तेव्हा तू म्हणाली होतीस की वर्षभरात कंटाळून याल. चौथं वर्ष चालू आहे. सकाळी तस्नीमचा अभ्यास, ज्या टेबलावर जेवतो त्याच टेबलावर. दुपारी कामरान गळ टाकून बसतो. पाऊस आला की ताडपत्री ताणून पाणी भरून घ्यायचं, त्यातच धुणं. वारा चांगला असेल तर पुढच्या बेटावर. ईदला दुधाच्या पावडरीचा शीरखुर्मा केला. गळाभेटीला आम्ही तिघंच. एकमेकांना दोनदोनदा भेटलो. मग बेटावरच्या मशिदीतल्या माणसांनी घरी नेलं, भाषा कळत नव्हती तरी पोटभर जेवू घातलं. परत आल्यावर मी शिडाच्या आडोशाला बसून रडले. कामरानला सांगितलं, खारं पाणी डोळ्यात गेलं.

आता कामाचं. बोटीच्या तळाला पाणी झिरपतंय. ती दुरुस्तीच्या यार्डात ओढून किनाऱ्यावर ठेवावी लागेल, सगळा तळ खरवडून नव्याने करायला ऑक्टोबर उजाडेल. यार्डात विषारी रंग, उडती धूळ, दहा वर्षांच्या पोरीला तिथे कसं ठेवू? पावसाळाभर तिला तुझ्याकडे पाठवू का? शिवाय ती हल्ली गप्प असते. तिची मैत्रीण लीना, शेजारच्या डच बोटीतली, फेब्रुवारीत आफ्रिकेकडे निघून गेली, तेव्हापासून.

कामरान तिला घेऊन येईल. मी येत नाही. बोटीपाशी कुणीतरी हवं, हे एक कारण. दुसरं फक्त तुला सांगते. एकदा आपल्या ओट्यावर बसले की मला परत निघवणार नाही.

करवंदं आली का गं? माझ्या वाटची तूच खा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
फराह

---

भिसेगाव, कर्जत
९ मे २०२४

चि. फराह हिस,

अम्मीच्या पोटभर दुवा.

पत्र पोचलं. नवनाथ गळ्यावर हात ठेवून सांगतो की काकी, मी वाचत नाय, नुसती पानं सरळ करतो. आणि जाताना विचारून गेला की ताईंच्या बोटीला भोक कुठल्या बाजूला पडलं.

तस्नीमला पाठव. यात विचारायचं काय? तुझे अब्बा गेल्यापासून आतली खोली बंदच आहे. आज उघडून भिंतीला चुना लावून घेतला. शाळेतल्या बाईंशी बोलून आले. खालापूरच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं त्याचा एवढा उपयोग, की मला अजून खुर्ची देतात. पाचवीत बसवून घेऊ म्हणाल्या.

तू येणार नाहीस हे वाक्य दोनदा वाचलं. मग पान उलटं करून ठेवलं.

करवंदं आली आहेत. वाडीवरची आवडी रोज द्रोण घेऊन येते. तुझ्या वाटची मी खात नाही, शेजारी देते. कामरानमियाँना सांग, येताना दाढी जरा आटोपशीर करून या, मागच्या फोटोत ते आपल्या मशिदीच्या इमामांपेक्षा म्हातारे दिसत होते.

इथे सगळं आहे, तू सोडून.

अम्मी

---

भिसेगाव, कर्जत
३० जून २०२४

चि. फराह हिस,

दुवा. कामरानमियाँ लेकीला पोचवून गेले ते कळलंच असेल. जाताना दारात उभे राहून बराच वेळ चपलेचा पट्टा लावत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तुझी लेक पहिले काही दिवस पाय फाकवून चालायची. आळीतली पोरं हसली तर तिने त्यांना सांगितलं की तुमची जमीन हलत नाही, मी काय करू. अंगाला साबण लावताना नळ बंद करते. समोरच्या सुनिताचा नळ वाहताना दिसला तर जाऊन बंद करून आली. सुनिता मला म्हणते, काकी, नात आनलीत का पानीखात्याचा साहेब? आपल्याकडच्या पावसाला मात्र ती हरली. ढग बघून आता उघडेल म्हणाली, आणि चार दिवस उघडला नाही.

शाळेत तिला मैत्रीण मिळाली. आवडीची मुलगी, बुधी. कातकरी वाडीवरून पाऊण तास चालत येते. दोघी एका बाकावर. बुधीने तिला झाडावर चढायला शिकवलं, ओढ्यातले खेकडे कसे धरायचे ते शिकवलं. तस्नीमने तिला दोराच्या गाठी शिकवल्या. आता माझ्या ओट्याचा खांब, नवनाथच्या दुकानाचं शटर आणि शेजारची शेळी, सगळं जहाजाच्या गाठींनी बांधलेलं असतं.

रात्री माझ्या कुशीत झोपते. झोपेत हात टाकते तो थेट तुझ्यासारखा. मी तो हलवत नाही.

बोटीचं नाव ती फारसं काढत नाही. तुला लिहू की नको असं झालं होतं. लिहिलं.

आठवणीत ठेव, मीही ठेवतेच आहे.

अम्मी

---

अबाबील, यार्ड
२१ जुलै २०२४

ती. अम्मीस,

सलाम. पत्र मिळालं. कामरानला वाचून दाखवलं, शेळीपाशी आल्यावर तो हसला आणि उठून बाहेर गेला.

बोट खांबांवर उभी आहे, आम्ही शिडी चढून घरात जातो. समुद्र दिसतो पण हाताला लागत नाही. दिवसभर खरवडतो, संध्याकाळी नखांत निळा रंग. तस्नीमची झोपायची फळी रिकामी आहे, तिच्यावर सामान ठेवू या म्हणाला कामरान, तर मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या बोटीवरचा माणूस डोकावला. मग आम्ही दोघांनी मिळून ते सामान बाहेर पावसात ठेवलं.

एक सांगशील? ती माझी आठवण काढते का? खोटं लिहू नकोस. तिला चार ओळी लिहायला सांग. तिला लाडाने रागाव, पण लिहायला लाव.

तुझी
फराह

---

भिसेगाव
८ सप्टेंबर २०२४

प्रिय मम्मी आणि पप्पा,

सलाम. मी बरी आहे. तुम्ही कसे आहात? बोट कशी आहे? नानी बरी आहे, तिचा गुडघा दुखतो. मला चाचणीत मराठीत पैकीच्या पैकी मिळाले.

मम्मी, मला इथेच राहायचं आहे. तू रागावू नकोस. मला बोट आवडते, तूपण आवडतेस. पण बोटीवर कुणीपण मैत्रीण झाली की जाते. लीना गेली, तिच्या आधी ती फ्रान्सची मुलगी गेली, आणि कोणी गेलं नाही तर आपणच जातो. मी टाटा करते तेव्हा ती लहान लहान होत जाते. बुधी लहान होत नाही. ती रोज येते.

तुम्हीच इथे या ना. पप्पा खालापूरला परत गॅरेज काढू शकतात.

तुमची
तस्नीम

---

अबाबील
१५ सप्टेंबर २०२४

ती. अम्मीस,

सलाम.

तस्नीमचं पत्र वाचलं. गॅरेजचं वाक्य तिचं नाही, तुझं आहे. अम्मी, मी तिला पावसाळ्यापुरती दिली होती. तुला मी हवी आहे हे मला माहीत आहे, पण माझ्या लेकीच्या हातून मला ओढू नकोस.

कामरान म्हणतो असं लिहू नको. मी लिहिते आहे.

फराह

---

भिसेगाव, कर्जत
२४ सप्टेंबर २०२४

चि. फराह हिस,

दुवा, नेहमीइतक्याच.

गॅरेजचं वाक्य माझं नाही. ते नवनाथचं. कामरानभाऊंचा हात लय साफ होता, खालापूरला टोलनाक्यापाशी अजून लोक नाव काढतात, असं तो पोरीपुढे रोज म्हणतो. मी त्याला गप्प केलं नाही, एवढं माझ्याकडे लागतं.

तुझा राग वाचून मला वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही. तिने इथे राहावं असं मला वाटतं. ती राहिली तर तू येशील असंही वाटतं. नमाजानंतर हात उचलले की तेच ओठांवर येतं. पण पोरीला यातला शब्द सांगितलेला नाही. तिने लिहिलं ते तिचं आहे, त्याला उत्तर तिला दे, मला नको.

ती आठवण काढते का, असं तू विचारलं होतंस, मी टाळलं. आता लिहिते. दिवसा नाही काढत. संध्याकाळी ओट्यावर बसून, वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून बघते आणि आत येते. तुम्ही काय ठरवलं ते मला विचारायची हिंमत होत नाही.

अम्मी

---

अबाबील
६ ऑक्टोबर २०२४

ती. अम्मीस,

सलाम आणि माफी, दोन्ही एकाच ओळीत.

तस्नीमला वेगळं लिहिलं आहे. वर्ष पुरं होईपर्यंत तिने तिथेच शिकावं असं आम्ही ठरवलं. बोट पाण्यात उतरली. झिरपा थांबला. दुसऱ्या दिवशी शीड उभारलं तेव्हा वारा छान होता, पण सुकाणूपाशी कुणी ओरडणारं नव्हतं. कामरानने दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा नांगर टाकला. म्हणाला, बघू पुढच्या आठवड्यात.

तिला थंडीत कानटोपी घाल. ती नको म्हणेल.

तुझी
फराह

---

भिसेगाव, कर्जत
१७ नोव्हेंबर २०२४

चि. फराह हिस,

दुवा. हे पत्र लिहायला उशीर झाला, कारण कसं लिहावं ते सुचत नव्हतं.

दिवाळी झाली आणि बुधी शाळेत आली नाही. मी तस्नीमला घेऊन वाडीवर गेले. बरीचशी माणसं वीटभट्टीवर निघायच्या तयारीत होती. दरवर्षीच जातात, पाऊस तोंडावर आला की परतात. मला ठाऊक होतं गं, माझ्या वर्गातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर अशीच गेली आहेत. पण या वर्षी मला ते आठवायचंच नव्हतं. टेंपो उभा होता, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या. बुधी मांडीवर धाकट्या भावाला घेऊन बसली होती.

मी आवडीला म्हणाले, बुधीला माझ्याकडे ठेव. दोन पोरी एका घरात वाढतील, तिची शाळाही बुडणार नाही. मनापासून म्हणाले. आवडीने बुधीच्या मांडीवरच्या धाकट्याचं नाक पुसलं. मग म्हणाली, बाय, तुमचा जीव मोठा हाय. शाळा बुडतेय ते मलाबी कलतंय. पन पोर हितं आन मी तितं, मला घास जायचा नाय. मी पुन्हा आग्रह करणार होते, तेवढ्यात तुझ्या पत्रातली तस्नीमची रिकामी फळी आठवली आणि मी टेंपोपासून मागे सरले. तस्नीम शेजारी उभी होती, तिने सगळं ऐकलं.

टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ती हात हलवत होती. रडली नाही. घरी येऊन विचारलं, नानी, मम्मीला घास जातो का? मी म्हणाले, विचार तिलाच. ती म्हणाली, मला माहीत आहे, नाही जात.

तिला बुधीसारखं करायचं आहे. जायचं आणि पावसाळ्याला परत यायचं, असं म्हणते. मी तिला समजावलं की बाळा, बुधी हौसेने जात नाही, तिच्या आईबापाला काम इथे मिळत नाही म्हणून जाते. तुझं जाणं वेगळं, दोन्ही एका तागडीत घालू नकोस. तिने मान हलवली. मग म्हणाली, पण परत येणं तर सारखंच ना.

फराह, तिला घेऊन जा. कामरानमियाँना पाठव. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अभ्यास बोटीवर करू दे, परीक्षेचं आपण बघू. मी हे रागाने लिहीत नाही. ती झोपली आहे, हात माझ्या अंगावर आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं.

अम्मी

---

अबाबील, नांगर टाकून
२६ जानेवारी २०२५

ती. अम्मीस,

फराहचा खूप खूप सलाम. वि. वि.

तस्नीम येऊन महिना होऊन गेला. विमानतळावर ती मला बिलगली नाही, आधी लांबून नीट पाहिलं, आणि म्हणाली की मम्मी, तू बारीक झालीस. मग बिलगली. कामरानला बाजूला उभं राहून सामान धरावं लागलं, फार वेळ.

आता ती पहाटे पप्पांच्या आधी उठून शीड सोडते. बुधीसाठी शिंपले जमवते, मोठे नकोत म्हणते, कडेवर धाकटा असतो, तिला नेता आले पाहिजेत. वाडीवर राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे तू दर शुक्रवारी जाऊन बसतेस हे नवनाथने कळवलं. सगळे मिळून वाट बघतो असं तू त्याला म्हणालीस. पत्रं न वाचणारा हा माणूस बातम्या बऱ्याच देतो. ते वाचल्यापासून मला इथलं पाणी दिसेना.

अम्मी, मी तुला खरं सांगू का? मी चार वर्षं समुद्रावर नव्हते, तुझ्यापासून लांब होते. सुरुवातीला दोन्ही एकच वाटलं. अब्बा गेले, तुझ्या घरात त्यांची खुर्ची बघवेना, आणि कामरानच्या स्वप्नात मी माझं पळणं मिसळून टाकलं. समुद्र सुंदर आहे. तो सोडायचा नाही. पण पावसाळ्यात बोट बांधून ठेवता येते. बांधलेली बोट बुडत नाही, हे कामरानने मला कागदावर आकृती काढून समजावलं. बिचाऱ्याला वाटलं मला बोटीची काळजी आहे.

आम्ही मेअखेरीस येतो. तिघंही. पावसाळाभर, आणि पुढच्या पावसाळ्यालाही. तस्नीम वाडीवर जाईल, कामरान नवनाथच्या तोंडाला तोंड देईल, मी अब्बांच्या खुर्चीत बसेन. परत निघवणार नाही, हे खरंच आहे. रडत निघेन. तू दाराशी उभी राहून रागाव.

कर्जत स्टेशनवर न्यायला येऊ नकोस, तुझा गुडघा दुखतो, जिना फार आहे, असं लिहिणार होते.

ये.

तुझी
फराह