एका हाताची बटनं

१२ डिसें. ९७, शुक्र.
डोकं तापलंय. सकाळी साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं मशीन चालू केलं तर मी लावलेली बटनं गायब. रंगही गेले. नुसतं काळं-पांढरं.

एका पडद्यामागं चार कामं उघडी असतात. गाड्यांच्या वजनाचा काटा, स्टोअर, पगार, शेतकी. एकातून दुसऱ्यात जायचं तर डाव्या हातानं कंट्रोल दाबून ए मारायचा. माझ्या डाव्या हाताला कडबाकुट्टीनं लहानपणीच अंगठा न् करंगळी एवढंच ठेवलंय. म्हणून गेल्या हंगामात सगळं कीबोर्डच्या उजवीकडच्या वरच्या बटनांवर आणलं होतं. काटा हिरवा, स्टोअर निळं, चूक नको म्हणून.

काढली देसाई साहेबांनी, पुण्याहून नवे आलेले. "सगळी मशीनं एकसारखी पाहिजेत." हात दाखवला. बघितलासुद्धा नाही.

१५, सोम.
दिवसभर उजवा हात डावीकडं, परत उजवीकडं. पाठ मोडली. खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग. आष्टीकडच्या ऊसतोड टोळीचा मुकादम ओरडला, "काहून थांबलंय रं? बैलं उपाशी हायेत!" काय सांगू त्याला?
घरी येऊन बायकोवर, गंगूवर ओरडलो. भाजी चांगली होती.

१७, बुध.
झालं शेवटी. काट्याचं वजन स्टोअरमध्ये टाकलं. पडदे सारखेच, कळलंच नाही. मुकादमाची गाडी खाली झाली अन् पावती निघेना. त्याची बायको उन्हात ताटकळली. शेजारच्या मशीनवरच्या रझियाबाईंनी वजन शोधून दिलं.

देसाई सगळ्यांसमोर, "हातानं होत नसेल तर सांगा. गेटवर जागा आहे."
रझियाबाई म्हणाल्या, "साहेब, रंग होते तवर यांची एक गाडी चुकली न्हाई." त्यांनाही गप्प बसवलं.
कान अजून गरम आहेत. त्या माणसाला...

१८, गुरु.
रजा टाकली. गंगूनं बळंच कपिलधारला नेलं, शांत व्हाल म्हणून. न्हाई झालो. देवापुढं उभं राहून देसाईला शिव्या दिल्या.
येताना एसटीत गंगू म्हणाली, "गेटवर बसायचं ठरवलंय का तुमी? तसं असंल तर तसं सांगा." लई लागलं.

१९, शुक्र.
लवकर जाऊन सगळं परत लिहिलं. बटनं, रंग, सगळं.
देसाई आले. "कुणाला विचारून?"
उठलो नाही. म्हणालो, "डावा हात खिशात घाला साहेब, अन् दहा गाड्या घ्या. मग काढा."
आवाज चढला होता माझा. चढू दे. ते लालबुंद. "उद्या चेअरमनसमोर बोला हे." दार आपटून गेले.

रझियाबाईंनी खुर्ची सरकवली. "भाऊ, माझ्या मशीनला पण हे रंग लावा की."
"तुमचे हात चांगले हायेत."
"हायेत. तरी लावा."

लावले. आता काढायचे तर दोघांचे काढावे लागतील.