आबांचा खरा फोटो

आबा,

मला किळस आलीय. याहून सौम्य शब्द शोधत होते, पण तुम्हांला लिहिताना कशाला शोधायचा? तुम्ही असता तर म्हणाला असता, "पोरी, आदी पानी पी, मग बोल." पाणी प्यायले, तरी गेली नाही. तुम्हांला जाऊन वर्ष उलटलं. घरात आत्ता कुणी नाही. हे कोरेगावला गेलेत, तुमची नात सातारला कामावर गेलीय, आणि मी दुपारच्या भांड्यांकडे पाठ करून हे लिहीत बसलेय. पोस्टात टाकायचं नाही ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरात खरं बोलायला तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते.

तुमचं कार्य झाल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडले तेव्हा एसटी स्टँडसमोर एक फ्लेक्स दिसला. कुणीतरी गेलंय बिचारं, असं म्हणून मी पुढे निघाले होते. मग खालचं आडनाव वाचलं. आबा, तो माणूस तुम्ही होता. डाव्या पापणीवरचं कोडाचं पांढरं गेलं होतं, ओठांभोवतीचं गेलं होतं, गालावरचा तो मोठा डाग गेला होता. सगळा चेहरा एका रंगाचा, भिंत सारवल्यासारखा. ओठ गुलाबी. अंगात कुणाचा तरी कोट. आणि खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग, प्रत्येकाचं डोकं तुमच्यापेक्षा मोठं. घरी येऊन यांना विचारलं तर म्हणाले, "आगं, लोक बगत्यात. गेलेल्या मानसाचं चांगलंच दाखवाय पायजे." म्हणजे तुमचं जे तोंड आम्ही इतकी वर्षं बघितलं ते चांगलं नव्हतं. तोच फोटो मग चौकटीत घालून पुढच्या सोप्यात लागला, चंदनाच्या हारासकट. वर्षभर मी रोज सकाळी त्या परक्या माणसाला उदबत्ती ओवाळली.

त्याच्या आधी दहाव्याला नदीकाठी माइकवरून भाषणं झाली ती तर विचारूच नका. आपल्याकडे माणसाची राख निवायच्या आत कुणीतरी माइक हातात घेतोच. एक जण उभे राहून म्हणाले, आबांच्या हाताला गोडवा होता. हेच गृहस्थ आपल्या दारात मत मागायला आले होते तेव्हा मी चहा घेऊन गेले, तर तुम्ही ओट्यावर बसलेले बघून म्हणाले होते, "नको वयनी, आत्ताच झाला." त्यांच्या पाठोपाठ आलेल्या सगळ्यांचाच आत्ताच झाला होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगीच नाही. मी बायकांत बसले होते, तोंडाला पदर लावून. लोकांना वाटलं रडतेय.

सगळ्या पंचक्रोशीनं तुमच्या गुऱ्हाळातला गूळ खाल्ला. संक्रांतीला, बारशाला, बाळंतिणीच्या लाडवाला. काहिलीतला रस आटत आला की तुम्ही बाह्या दुमडून उभे राहायचा, आणि मनगटापर्यंत पांढरे झालेले तेच हात कापडात गूळ थापून ढेप करायचे. ती ढेप डोक्यावर घेऊन माणसं आनंदानं जायची. आणि तीच माणसं लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारची जागा सोडून बसायची. कुणी काही बोलायचं नाही, नुसतं एक पान रिकामं राहायचं. वाढपी तिथं वाढायचा आणि मग चूक लक्षात आल्यासारखं पुढे सरकायचा. मी नवी नवरी असताना पहिल्यांदा ते बघितलं. तुम्ही मान खाली घालून जेवत होता, आणि जेवण झाल्यावर त्या रिकाम्या पानावरची जिलेबी उचलून धोतराच्या सोग्यात बांधलीत. घरी आल्यावर मला दिलीत. "दोन पानांचा मान हाय आपला," म्हणालात.

माझ्या वडिलांनी मला तुमच्या घरात दिलं ते तुमच्यामुळे, हे यांना अजून पटत नाही. यांना वाटतं यांच्या नोकरीमुळे. बघायला मिरजेला आलात तेव्हा तुम्हांला मागे ठेवायचं ठरलं होतं. तुम्ही ऐनवेळी गाडीत बसलात. आमच्या पुढच्या खोलीत बरोबर ट्यूबलाइटखालची खुर्ची घेतलीत, टोपी काढलीत, आणि माझ्या वडिलांना म्हणालात, "नीट बगून घ्या पावनं. ह्ये कोड हाय. मागनं बोंब नगं. पोरगा बरा हाय माजा, जरा भितरा हाय एवडंच." माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी उठून तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाले, हे कुणाला लागत नाही, मला माहीत आहे. मी पडद्याआडून बघत होते. तुमचा हात त्यांच्या हातात तसाच राहिला. मी मुलाकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. मला ते घर पसंत पडलं होतं. यांचा भितरेपणा मात्र तुम्ही कमी करून सांगितलात, आबा.

लग्न होऊन आले तर तुमचं ताट वेगळं. मागच्या दाराजवळच्या फळीवर ते, एक वाटी आणि एक तांब्या. मी सगळ्या भांड्यांत ते घासून लावलं तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावलात. "सूनबाई, माजं ताट त्येंच्यात घालू नगं. पावनं उटून गेलं तर घराची अब्रू जाईल." मी म्हटलं, "आवं आबा, ताटानं अब्रू जात असेल तर जाऊ द्या." तुम्ही न जेवता गुऱ्हाळावर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी भांडीवाली आली तेव्हा मी ते ताट, वाटी, तांब्या तिला देऊन टाकलं आणि बदल्यात एक गाळणी घेतली. तुम्ही फळीवर हात फिरवून बघितलात, मग माझ्याकडे, मग गाळणीकडे. संध्याकाळी एका कळशीत गरम काकवी घेऊन आलात आणि चुलीपुढे ठेवलीत. "गाळून घे," म्हणालात. त्या रात्रीपासून आपण सगळे ताटांच्या एकाच चळतीतली ताटं घेऊन जेवलो. ती गाळणी अजून आहे. भोकं मोठी झालीत, पण मी टाकत नाही.

आणि तुमची लेक. तिच्याबद्दल तुमच्याजवळ बोलू नये. आपलेच दात, आपलेच ओठ. पण तिच्या लग्नात मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता की मुलीच्या बापानं मांडवात पुढे पुढे करू नये. मुलाच्या वेळी ट्यूबलाइटखाली बसणारा माणूस मुलीच्या वेळी गप्प झाला. गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलंय, सोडून येता येत नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि कन्यादान चुलत्यानं केलं. अक्षता पडायची वेळ झाली म्हणून मी धावत तुम्हांला बोलवायला आले. चुलवाण थंड होतं. काहील पालथी होती. तुम्ही नवं धोतर नेसून, फेटा बांधून एकटेच तिच्यावर बसला होता. "जा तू," म्हणालात, "मला हितनं आयकाय येतंय." कर्ण्यावरून मंगलाष्टकं येत होती. सावधान झालं तसं तुम्ही मूठ उघडलीत. मुठीत तांदूळ होते. ते तुम्ही मांडवाच्या दिशेनं फेकलेत, आणि ते सगळे समोरच्या चिपाडात पडले.

ती लेक पंधरा दिवसांपूर्वी इथं येऊन मला शिकवत होती. तुमच्या नातीला बघायला सांगलीकडचे पाहुणे येणार होते. मुलगा शिकलेला, शेती बारमाही बागायत, दोघं आधीपासून फोनवर बोलत होते आणि पोरीला मुलगा आवडला होता. तुमची लेक सोप्यातल्या त्या रंगवलेल्या फोटोकडे बघून म्हणाली, "ह्यो फोटो ब्येस हाय वयनी. आन कुनी इचारलंच तर सांगा, काहिलीचा रस उडून भाजलं हुतं." तुमचे भितरे चिरंजीव मान डोलवत होते. मी विचारलं, "वन्सं, तुमच्या लग्नातपण भाजलं होतं का?" ती म्हणाली, "तुमास्नी काय, बोलाय जातंय. पोर तुमचीच हाय, तिचं वाटोळं करू नगा."

मी काय केलं ते ऐका. पोरीनं तिच्या फोनवर काढलेला तुमचा एक फोटो होता, गुऱ्हाळावरचा. टोपी मांडीवर, दोन्ही हात गुळानं माखलेले, आणि कशाला तरी खदखदून हसताय. तो घेऊन सातारला फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "डाग घालवू का मावशी? वेगळे पैसे नाहीत." मी नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, मला कळलं नसावं म्हणून. मोठा करून, चौकटीत घालून आणला आणि कपाटात ठेवला. पाहुण्यांची गाडी वळणावर आली, दोघं बहीणभाऊ सामोरे गेले, तेवढ्यात मी जुना उतरवला आणि हा टांगला.

मुलाची आई समोरच बसली. गुळपोळी खाऊन म्हणाली, "गूळ लय झ्याक हाय. घरचा काय?" हे म्हणाले, घरचाच, आमच्या आबांनी बसवलेलं गुऱ्हाळ. मग यांची नजर भिंतीवर गेली आणि यांचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी पण वर बघितलं. "ह्ये तुमचं वडील? त्येंच्या हाताला काय झालंय?" हे म्हणाले, "ते, भाजलं..." मी म्हटलं, "कोड होतं. याच हातांनी ते गूळ करायचे." बाईंनी पोळीचा उरलेला तुकडा ताटलीत ठेवला. ठेवला तो ठेवलाच. बोटं रुमालाला पुसली, एकेक बोट. आबा, किळस म्हणतात ती तिच्या तोंडावर होती, आणि ती बघून मला त्या बाईची आली. मुलगा बुटांकडे बघत होता. निघताना बाई म्हणाली, "आमचं काय न्हाई वो. पर फुडच्या पिडीचं बगाय लागतं." दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

हे माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं मला सुख आहे. पण पोर ट्रे घेऊन बाहेर आली होती ना, तेव्हा दारातच थांबली. तिनं आधी तुम्हांला बघितलं, मग मला. मी तिला विचारलं नव्हतं. तिच्या स्थळाच्या दिवशी तुमचा फोटो लावायचा तर तिला विचारायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता येत नाही. मी चुकले असं म्हणवत नाही. ती चिडली नाही, भांडली नाही. त्या मुलाचे फोन बंद झाले आणि ती रोजच्यासारखी सातारची एसटी धरते. तुमचा फोटो मात्र कुणी उतरवलेला नाही. तुमच्या लेकीनं उतरवायला हात घातला तेव्हा पोरच म्हणाली, "राहू दे आत्या."

काल रविवार. तिला न्हाऊ घालायचं म्हणून सकाळी उन्हात परसात बसवलं आणि डोक्याला तेल लावत होते. भांग पाडला, केस पुढे घेतले, मानेमागे बघितलं. कानामागे बघितलं. मग उगीच हात धरून कोपर उन्हाकडे वळवलं. हे काही आजचं नाही आबा. ती पाळण्यात होती तेव्हापासून करते, तुम्ही तिला मांडीवर घेऊन खेळवायचा आणि मी नंतर तिला आत नेऊन उजेडात उलटसुलट करून बघायचे, तेव्हापासून. तिनं मान न वळवता विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, उवा झाल्यात का बघते. ती म्हणाली, "नाही अजून. मी पण रोज बघते."

माझा हात तिच्या केसांत तसाच राहिला. त्या बाईनं एकेक बोट पुसलं ते मी जन्मभर विसरणार नाही. पण तुम्हांला म्हणून सांगते आबा, तिच्या मानेवर काही नव्हतं, आणि मला बरं वाटलं.