मनाईचा कागद

३ जून १९९१

सांगून टाकलं! नोरीन चॉप्स तळत होती, तेव्हाच. "तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता. लग्नाआधी. सत्तेचाळीस वर्षांचा असेल आता." तिने गॅस बारीक केला.

— बाबांना माहीत होतं?

— नव्हतं.

— ते गेले तेव्हाही गप्प राहिलीस. मग मलाच कशाला सांगितलंस?

रेडिओवर ऐकलं म्हणून, बाई! नवा कायदा झालाय. दत्तक दिलेलं लेकरू आता आईचं नाव मागू शकतं, आई लेकराचं. भेट नको असेल त्याने मनाई नोंदवायची.

४ जून

दिवसभर सिडनीतलं ते लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींचं घर डोळ्यासमोर. सतरा वर्षांची होते. आत पाऊल टाकताच नाव काढून घेतलं. "एल्व्हा हे नाव विसर. इथे तू रूथ." आम्ही चौदा जणी, चौदाही दुसऱ्याच कुणीतरी. पोट सावरत दवाखान्याच्या चादरी धुवायच्या. उरलेल्या वेळात बाळाचं अंगडं-टोपडं विणायचं, नव्या घरी नीटनेटकं जावं म्हणून.

बाळंत होताना माझ्या तोंडासमोर चादर धरली. रडणं तेवढं ऐकलं. पलीकडून मेट्रन म्हणाली, "मुलगा आहे. बघू नकोस, पोरी, सुटशील." मग छाती पट्ट्यांनी करकचून आवळली, दूध आटावं म्हणून. पाचव्या दिवशी कागद पुढे केला. सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी केली. वाचला नाही.

सुटले नाही.

९ जून

नोरीन निवळली! स्वतःहून शोधाचा अर्ज घेऊन आली, सगळा भरून. माझा चष्मा दुरुस्तीला डब्बो शहरात गेलेला. असता तरी काय दिवे लावले असते? अकराव्या वर्षी शाळा सोडून मेंढ्या कातरणाऱ्यांच्या तळावर स्वयंपाकाला लागले. वाचायला शिकले ती पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं लावून. सरकारी भाषा डोक्यावरून जाते.

"कुठे सही करू गं?"

"इथे, आई."

गुणाची पोर माझी.

२१ जून

काही नाही. टपाल नोरीनच आणते, रोज विचारते तिला.

८ जुलै

आज म्हणाली, "सारखं काय पत्र-पत्र? सत्तेचाळीस वर्षं कुठे पेंड खात होती ही माया?" लागलं. पण खोटं काय बोलली?

१५ जुलै

त्याला मटण आवडत असेल का? की त्या लोकांनी मासेखाऊ केला असेल!

१९ ऑगस्ट

नोरीन तापाने पडली, म्हणून टपाल मीच आणलं. सिडनीचं पत्र! वाटेतच फोडलं. चष्मा होता, पण तीनदा वाचावं लागलं.

"आपल्या विनंतीनुसार भेटीस मनाई नोंदवलेली आहे. आपल्या मुलाने आपली माहिती मागितली असता त्यांना तसे कळवले. आपल्याशी कधीही संपर्क साधणार नाही, असे त्यांनी लेखी दिले आहे."

तो मला शोधत होता. तो मला शोधत होता!

२० ऑगस्ट

सूप घेऊन नोरीनकडे गेले. म्हटलं, "चुकून भलताच अर्ज भरला गेला का गं?" हो म्हण, एवढंच मनात म्हणत होते. मी मान्य केलं असतं.

"चुकून नाही. या घरातली थोरली मी आहे, आई. बाबांच्या खुर्चीत कुणीतरी उपटसुंभ येऊन बसणार, तुला आई म्हणणार? गावात काय तोंड दाखवायचं? तू सांगितलेल्या त्या मेट्रनने तुझं भलंच केलं. मीही तेच केलं."

सूप तसंच उचलून आणलं. मोरीत ओतलं.

२३ ऑगस्ट

पहाटेची गाडी पकडून सिडनीला गेले. दत्तक-कचेरीच्या खिडकीवरची मुलगी चांगली होती. "मनाई मागे घेता येते, बाई. इथे सही करा." या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं. मग केली.

तिने फाईल चाळली. चेहराच उतरला तिचा.

"त्यांनीही मनाई नोंदवलीय. मागच्या आठवड्यात. आता तुम्ही त्यांना गाठलंत तर तो गुन्हा होईल."

"अगं, पण मी नव्हतं केलं ते! तेवढं तरी कळवा त्याला."

"आमच्याकडूनही काही कळवू नका, असं लिहिलंय त्यांनी. आणि बाई... सही तुमचीच आहे."

त्याने माझ्यासाठी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या दाखवल्या. "या बाईने मला दोनदा टाकलं. तिसरी संधी मी देणार नाही."

अक्षर माझ्यासारखं आहे. डावीकडे झुकलेलं.

२ सप्टेंबर

नोरीन ताजे भाजलेले भोपळ्याचे स्कोन घेऊन आली. "किती दिवस गाल फुगवून बसणार, आई? झालं ते झालं."

म्हटलं, "आपण कोण, बाई? मी ओळखलं नाही."

ती हसली. मग हसायची थांबली. मी दार लावून घेतलं. बराच वेळ ती पायरीवर होती, आई-आई करत.

पहिलं लेकरू माझ्याकडून काढून घेतलं होतं. हे मी स्वतः दिलं. रडू आलं नाही.