शिंगाची टोपी

१ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळीच सहदेवशी वाजलं. नवरा कसला, हटेला आहे नुसता! ऋता मॅडमना त्यांच्या संग्रहालयात ठेवायला सहाशे वर्षांपूर्वीचं विलायती धनुष्य हवंय. माणसाहून उंच, हुबेहूब. लोकांसमोर ओढून दाखवणार. त्या काळी म्हणे टोकांवर शिंगाच्या टोप्या असायच्या, दोरीची खाच त्या शिंगात – ती पण एकाच बाजूला. हा म्हणतो, "लाकडातच दोन्हीकडून खाच पाडू. लांबून कोणाला दिसतंय?"
मला दिसतंय ना! नाटकांच्या धनुष्यांना चाललं तसलं. ही ऑर्डर बिघडली तर परत कोण विचारणार आपल्याला?

४ ऑगस्ट, सोमवार
आरेच्या तबेल्यातून शिंगं आणली. तिथल्या धर्मा गवळ्याच्या दोन म्हाताऱ्या म्हशी गेल्या, त्यांची चार. "काय करणार वहिनी?" म्हणाला. म्हटलं, टोप्या शिवणार!
जुन्या कुकरात उकळायला टाकली. असला वास सुटला! शेजारची रुक्मिणी नाकाला पदर लावून दारात. "श्रावणी सोमवारी काय शिजवतेस गं?"
"म्हैस!"
पळाली. चाळभर झालं एव्हाना. सहदेव उपासाचा, वर मला म्हणतो, "घर बाटवलंस." मी साबुदाण्याची ताटली त्याच कुकराशेजारी ठेवली. मुद्दाम!

६ ऑगस्ट
ऐकेल तर शपथ. लपून लाकडातच खाच पाडली, दोन्हीकडून. टोक उरलं काडीएवढं. दोरी चढवून ओढलं – फाट्! उभं चिरलं. मी हसले. जरा जास्तच हसले. नशीब, धनुष्य मापापेक्षा लांब ठेवलं होतं, टोक कापून चालेल.
आता शिंगच. कबूल केलं त्याने. तोंड एवढंसं.

७ ऑगस्ट
शिंग आतून पोखरताना एक फोडलं.

८ ऑगस्ट
नारळीपौर्णिमा. नारळीभात झकास झाला. दुसरं शिंग पण फोडलं!
म्हटलं, "सुतार आहेस की खाटीक?"
"शिंगच खराब आहे तुझं."
"माझं नाही रे, म्हशीचं!"
हसला पण नाही. भात तसाच टाकून उठला. एवढं काय लागलं याला? दोनच शिंगं उरलीत.

१० ऑगस्ट, रविवार
शेडच्या दारातून पाहिलं. शिंग शिकंज्यात घट्ट. ड्रिल उजव्या हातात, आणि ते मनगट डाव्या हाताने दाबून उभा. तरी बंद ड्रिलचं टोक नाचतंय. थांबतच नाही. म्हणून लाकूड, लाकूड करत होता.
दोन मिनिटं बाहेरच थांबले. मग आत शिरून ड्रिल हिसकावलं. म्हटलं, "तुला अक्कल नाही. टोप्या मी करणार, तू लाकूड तास." भडकला. माझं माहेर काढलं.
बरं झालं. भडकला, म्हणजे मी पाहिलं ते कळलं नाही त्याला.