अडलेली धार

खुलताबाद,
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आक्कास,
धाकट्या पुंडलिकचा सा. न.

गहू ओंब्यावर आलाय. आशाबाईचा गुडघा तसाच आहे. फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाय म्हणून सूनबाई तो स्पीकरवर लावते, अन् ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाय.

आक्का, मला लघवी नीट होत नाय. जोर केला तर थेंब थेंब येते. ओटीपोट फुगलेलं राहतं, झोपेत कपडे ओले होतात. आता पायांवर सूज चढलीय, जेवण बघितलं की मळमळतं. पाणी पिणंच कमी केलंय, म्हणजे बाहेर काढायचा प्रश्न नाय. आपल्या भावकीतल्या कडुबाचंही दुखणं पाय सुजूनच सुरू झालं होतं. त्याचं डायलिसिस, त्या सुया, शेवटाला काळा पडलेला चेहरा, सगळं डोळ्यापुढून हटत नाय. माझ्याही किडन्या गेल्या असंच वाटतं. बायको असून आशाबाईलाही बोललो नाय. तनुजा तर लेक. तिला हे कोणत्या तोंडानं सांगू?

लई भ्यालोय. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
पुंडलिक

वैजापूर,
७ फेब्रुवारी

चि. पुंडलिकास आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लहानपणी तुला न्हाऊमाखू मीच घातलं, अन् माझ्यापाशी लाजतोस व्हय? गाढवा, पाणी तोडून कुणाचं भलं झालंय? कडुबाला जुनी साखर होती, तुला ती कधीच नव्हती. मग तुझं दुखणं तेच कशावरून?

रागाव नाहीतर काय कर, मी तनुजाला फोन लावून सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाय, पण रडत होती एवढं कळलं. हे पत्र पोचायच्या आत ती तुझ्या दारात असेल. मुकाट्यानं गाडीत बस. मी इथं देव पाण्यात घातलेत.

तुझ्या खुशालीकडं डोळे लावून बसलेली,
आक्का

छत्रपती संभाजीनगर,
२० मार्च

ती. स्व. आक्कास,
पुंडलिकचे दोन्ही हात जोडून न.

तनुजानं खुशाली कळवलीच असेल, पण नीट सांगायचं राहिलं होतं. ती आली तेव्हा मला उलट्या सुरू होत्या, बोलणंही बरळल्यागत झालं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. मी भिंतीकडं बघून उत्तरं दिली. सोनोग्राफी झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढलं. पाठीत, बरगड्यांखाली दोन बाजूंना मुठीएवढ्या दोन किडन्या. त्या रक्त गाळतात, घाण अन् जादा पाणी वेगळं काढतात. प्रत्येकीची एकेक बारीक नळी खाली मूत्राशयात उतरते. तिथं लघवी साठते अन् मग बाहेर पडते. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. माझी वयानं वाढून वाट आवळून बसली होती. लघवी उलटी वर तुंबत गेली अन् दोन्ही किडन्या फुगल्या.

मी विचारलं, गेल्या का? त्या म्हणाल्या, उजवीचा भरवसा नाय, डावीचं बघू. रक्तातली घाण उतरली नाय तर डायलिसिस लावू. मी तनुजाचा हात धरला. तो माझ्या हातापेक्षा गार पडला होता.

खालून नळी घातली. पिशवी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. रोज रक्त तपासत. रिपोर्ट येईस्तोवर आम्ही बापलेक एकमेकांकडं बघतही नव्हतो. हळूहळू आकडा उतरला, डायलिसिस टळलं. महिनाभर नळी ठेवून मग दुर्बिणीनं ती ग्रंथी खरवडून काढली. उजवी किडनी आता थोडंच काम करते. डावीला जन्मभर जपायचंय.

काल ऑपरेशननंतरची नळी काढली. बाथरूममध्ये उभा राहिलो तर काहीच येईना. बाहेरून तनुजा दबक्या आवाजात विचारत होती, आप्पा, झाली का? अन् मग आली, आक्का. सरळ, जोरात. मी आतूनच ओरडलो की झाली गं पोरी, झाली! अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. दार उघडलं तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, ओढणी तोंडात धरून. रडत होती का हसत होती, मला काही कळेना. मी तिच्याशेजारी तिथंच फरशीवर बसलो.

ह्या भित्र्या भावावर लोभ असाच राहू दे.
तुझा,
पुंडलिक